मोटारीच्या तेलाची गाळणी

चहाची गाळणी फाटली तर घरांतील सर्वांस तें पहिल्याच घोटाला कळतें. पेल्याच्या तळाशीं भुकटी येते, कोणाच्या तरी कपाळावर आठी उमटते, आणि सायंकाळपर्यंत नवी गाळणी घरीं येते. मोटारीच्या इंजिनांत तेल गाळण्यासाठीं जी गाळणी बसविलेली असते, तिचें तसें नाहीं. ती चुकीची बसली तरी इंजिन सुरू होतें, गाडी रस्त्यानें नीट धांवते, आणि धन्याला महिना महिना कांहीं पत्ता लागत नाहीं. पत्ता लागतो तेव्हां इंजिनाच्या पोटांतून ठोके ऐकूं येऊं लागलेले असतात, आणि मग गाळणी बदलून भागत नाहीं. सारें इंजिन खालीं उतरवावें लागतें.

ज्या गाड्यांचे कारखाने केव्हांच बंद झाले आणि ज्यांचें मूळचें सामान कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळत नाहीं, अशा एखाद्या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीसाठीं नवी गाळणी निवडावी कशी, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे. विषय अरुंद आहे हें मला ठाऊक आहे. परंतु अडतीस वर्षें मुलांना त्रैराशिक शिकविल्यावर माझी अशी समजूत झाली आहे कीं, एक उदाहरण सावकाश सोडवून दाखविलें तर पुढचीं दहा मुलें आपल्या हातानें सोडवितात.

आपल्या उदाहरणांतील गाडीचें नांव एम्. जी. बी. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत असे, आणि त्या अवधींत अशा पांच लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. गाडी बसकी, दोन माणसांची, बहुधा उघड्या टपाची. इंजिन चार सिलिंडरचें, १७९८ घन सेंटिमीटरचें. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळांत आपल्याकडे ती थोडीच आली.

त्या थोड्यांपैकीं एक आज आमच्या मोरा बंदरांत आहे. मोरा हें उरणचें बंदर. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें निघालेला माणूस सुमारें तासाभरांत येथें उतरतो. गाडीचा धनी माझा जुना विद्यार्थी असून न्हावा-शेवा बंदरांत कामाला आहे. गाडी मूळ त्याच्या मामांची. मामा दादरला रहात. ते वारले तेव्हां गाडी भाच्याकडे आली. मुलाच्या आईनें असा हट्ट धरला कीं, भावाच्या वर्षश्राद्धाला दादरला जावयाचें तें भावाच्याच गाडींतून, आणि तेंही समुद्रावरच्या नव्या पुलावरून. हा पूल म्हणजे शिवडी व न्हावा-शेवा ह्यांना जोडणारा अटल सेतु. त्याचें उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजीं झालें, लांबी २१.८ किलोमीटर, आणि त्यांतले सुमारें साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून जातात. त्यावर गाडी उभी करण्यास मनाई आहे. म्हणजे साठ वर्षांच्या गाडीनें, पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईंना घेऊन, उन्हांत एका दमानें समुद्र ओलांडावयाचा. मध्येंच कांहीं बिनसलें तर ना झाडाची सावली, ना कारागीराचें दुकान. गाळणी जुनी झाली होती, ती निघण्यापूर्वीं बदलावी असें मुलानें ठरविलें, हें योग्यच झालें. तो माझ्याकडे आला तेव्हां त्याच्या हातांत एक नव्हे, दोन नव्या गाळण्या होत्या, आणि दोन्ही दुकानदारांनीं आपली हीच खरी म्हणून छातीठोकपणें सांगितलें होतें.

माझा ह्यांतील अधिकार कोणी विचारील तर मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहें. परंतु कोळीवाड्यांतील होड्यांचीं डिझेल इंजिनें दुरुस्त करणारा एक कारागीर माझा शेजारी आहे, आणि निवृत्त झाल्यापासून माझ्या बहुतेक दुपारी त्याच्या पडवींत जातात. खाऱ्या वाऱ्यांत लोखंडाचें काय होतें आणि गढूळ तेलानें इंजिनाचें काय होतें, हें त्याच्याइतकें जवळून फार थोड्यांनीं पाहिलें असेल.

गाळण्यांकडे वळण्यापूर्वीं तेलाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. इंजिनाचा मुख्य दांडा, ज्याला क्रँकशाफ्ट म्हणतात, तो बेअरिंगांच्या गुळगुळीत कवचांत फिरतो. दांडा आणि कवच ह्यांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीएवढीही नसते. त्या फटींत तेलाचा पापुद्रा असतो, आणि फिरणारा दांडा खरें पाहतां धातूवर टेकलेला नसून तेलावर तरंगत असतो. पंपानें तेल दाबानें येत राहिलें, तर हजारों मैल चालूनही झीज नांवालाच होते. तेंच तेल क्षणभर थांबलें, तर धातु धातूला भिडतो व कवचाचा मऊ लेप सोलला जातो. आणि तेल आलें पण त्यांत कचरा असला, तर कण कवचांत रुतून बसतो आणि दांड्यावर फेऱ्याफेऱ्याला ओरखडा काढीत रहातो. एम्. जी. बी. चें इंजिन तापल्यावर, चालत्या गाडींत तेलाचा दाब चौरस इंचास पन्नास ते ऐंशीं पौंड असावा, आणि गाडी उभी असून इंजिन मंद फिरत असतां दहा ते पंचवीस पौंड असावा, असें तिच्या कर्त्यांनीं सांगून ठेवलें आहे.

अगदीं पहिल्या मोटारींत गाळणी म्हणून तारेच्या जाळीवर भागत असे. बदलतां येण्याजोगी तेलगाळणी अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड ह्यानें १९२३ च्या सुमारास पुढें आणली आणि तिला प्युरोलेटर असें नांव दिलें. आरंभींच्या पुष्कळ गाड्यांत पंपांतून निघालेल्या तेलाचा लहानसा भागच गाळणींतून जाई, बाकीचें तेल थेट बेअरिंगांकडे जाई. पुढें सारेंच्या सारें तेल आधीं गाळणींतून व मग बेअरिंगांकडे, अशी रचना रूढ झाली. एम्. जी. बी. ही ह्या दुसऱ्या प्रकारची गाडी आहे. हा फरक किरकोळ नाहीं. थोडें तेल गाळणारी गाळणी बिघडली तर तेल जरा लौकर काळें होईल. पण जेथें सगळें तेल तिच्यांतून वाहतें, तेथें गाळणी म्हणजे इंजिनाच्या धमनीचाच एक तुकडा होऊन बसते. ती निसटली, तुंबली किंवा रिकामी राहिली, तर बेअरिंगांना तेल नाहीं. म्हणून मी म्हणतों कीं, ती किती बारीक गाळते हा प्रश्न दुसरा. ती तेल पोंचूं देते कीं नाहीं, हा पहिला.

आतां मुलानें आणलेली पहिली गाळणी पहा. ती म्हणजे घड्या घातलेल्या कागदाचा नुसता गाभा होता, वर पत्र्याचा डबा नव्हता. दुकानदारानें गाडीचें साल विचारलें; मुलानें १९६५ असें सांगितलें; दुकानदारानें पुस्तक काढून हा गाभा दिला. दुकानदाराचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. त्या सालच्या एम्. जी. बी. ला खरोखरच खालीं लोंबणारा, मधल्या लांब बोल्टानें आंवळलेला डबा असे, आणि त्यांत असा गाभा बसत असे. पण ह्या गाडीचा टप उघडून पाहिला तों तेथें तो डबा नाहींच! तेथें होता नंतरच्या सालांतला माथा, ज्यावर बंद पत्र्याची गाळणी आट्यांवर फिरवून बसवावयाची, तीही उलटी, म्हणजे तोंड खालीं आणि बूड वर. इंजिनावरची पट्टी पुसून वाचली. १९६५ च्या इंजिनावर “१८ जीबी” अशीं अक्षरें हवींत; येथें “१८ व्ही” होतीं, जीं १९७० नंतरच्या इंजिनांवर येतात. मामांनीं केव्हां तरी इंजिन बदललें होतें, आणि नोंदपुस्तकावर साल मात्र जुनेंच राहिलें होतें.

जुन्या गाड्यांच्या बाबतींत हें नेहमींचेंच आहे. साठ वर्षांत कोणत्याही यंत्राला तीन-चार धनी आणि दहा-बारा कारागीर भेटलेले असतात. गाळणी गाडीच्या नांवावरून घेऊं नये, सालावरून घेऊं नये. समोर जो माथा दिसतो, त्यावरून घ्यावी.

येथें नात्यागोत्याच्या एका युक्तिवादाचा समाचार घेतों, कारण तो आपल्या बाजारांत फार ऐकूं येतो. “अहो, हें आपल्या अँबॅसडरचेंच इंजिन,” असें दुकानदार सांगतात. त्यांत तथ्य आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या इंजिनांचें “बी-सिरीज” म्हणून एक घराणें होतें. एम्. जी. बी. च्या आधींची जी एम्. जी. ए., तिला १९५५ सालीं ह्याच घराण्याचें १४८९ घन सेंटिमीटरचें इंजिन मिळालें. आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून उतरलेल्या आपल्या अँबॅसडरलाही पुढें पुष्कळ वर्षें तितक्याच मापाचें, त्याच घराण्याचें इंजिन होतें. तसेंच मद्रासेस तयार होणारी स्टँडर्ड हेरल्ड आणि इंग्लंडची ट्रायंफ स्पिटफायर ह्याही एकाच इंजिनकुळांतल्या. हें नातें पुष्कळांच्या उपयोगी पडलें आहे, आणि २०१४ सालीं अँबॅसडर बंद झाली तरी तिचें सामान अजून मिळतें. परंतु चुलतभावाचा अंगरखा अंगाला होतोच असें नाहीं. एकाच घराण्यांत माथे निरनिराळे, डबे निरनिराळे, गाभ्याची उंची निरनिराळी. नात्यावरून शोधाला आरंभ करावा. विकत घ्यावयाचें तें मात्र मोजून.

दुसरी गाळणी दिसावयास सर्वस्वीं योग्य होती. बंद पत्र्याचा डबा, खालीं रबराचें कडें, मध्यें आटे पाडलेलें भोक. मुलानें ती माथ्यावर हातानें फिरवूनही पाहिली होती. ती फिरली, बसली आणि घट्टही झाली. आमच्या कारागीरानें ती हातांत घेतली, आट्यांत आपलें गेज लावलें, आणि एक शब्द न बोलतां ती बाजूला ठेवली. ह्या शांतपणाचें कारण मीं विचारून घेतलें.

एम्. जी. बी. च्या माथ्यावरचे आटे इंची मापाचे आहेत. व्यास पाऊण इंच, आणि इंचास सोळा आटे. दुसरी गाळणी मेट्रिक मापाची होती. तिच्या आट्यांचा व्यास वीस मिलिमीटर, आणि आट्यापासून आट्याचें अंतर दीड मिलिमीटर. आतां पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, आणि इंचास सोळा आटे म्हणजे दर आट्यास सुमारें १.५९ मिलिमीटर. दोन्ही मापें इतकीं जवळ आहेत कीं मेट्रिक गाळणी इंची खुंटावर बिनतक्रार चढते. पण व्यासांत जवळ जवळ एक मिलिमीटरची ढिलाई रहात असल्यामुळें आटे एकमेकांना मुठीनें न धरतां केवळ नखांनीं धरतात. रबराचें कडें दबलें कीं हाताला घट्टपणा जाणवतो, आणि माणूस फसतो.

ह्या नखांवर भार किती येतो, तें मीं पाटीवर मांडून मुलाला दाखविलें, कारण तो माझ्या वर्गांत क्षेत्रफळाच्या तासाला झोंपत असे. रबरी कड्याचा व्यास अडीच इंच धरा. आंतील क्षेत्रफळ जवळ जवळ पांच चौरस इंच होतें. चौरस इंचास साठ पौंड दाब, म्हणजे गाळणीला माथ्यापासून लोटणारें बळ तीनशें पौंडांच्या घरांत, सुमारें १३५ किलो. दोन धट्टींकट्टीं माणसें त्या लहानशा डब्याला लोंबकळत आहेत अशी कल्पना करा. सकाळीं गार, दाट तेलावर इंजिन सुरू होतें तेव्हां तर हा दाब आणखी चढतो. नखें सुटलीं तर पंप आपलें काम इमानानें करीत रहातो, आणि इंजिनांतील सारें तेल बघतां बघतां रस्त्यावर येतें. ह्या गाडींत तेल मावतें किती? गाळणीसकट साडेसात पाइंट, म्हणजे ४.२६ लिटर. मुलानें दुसरी गाळणी स्वतःच्याच हातानें पुन्हां खोक्यांत घातली.

म्हणून आटे मोजल्याशिवाय गाळणी घेऊं नये. गेज नसेल तर त्याच मापाचा खात्रीचा इंची नट बरोबर न्यावा, आणि जुनी गाळणी शेजारीं ठेवून रबरी कड्याचा आंतला व बाहेरचा व्यास कॅलिपरनें ताडून पहावा. कडें माथ्यावरील सपाट, गुळगुळीत भागावर पुरतें टेकलें पाहिजे. अर्धें खांचेंत आणि अर्धें बाहेर असें उपयोगाचें नाहीं.

ह्यानंतर कारागीरानें आपल्या फळीवरची एक गाळणी काढली. ती होती एका होडीच्या इंजिनाची. आटे बरोबर इंची, कडें बरोबर मापाचें. मुलाचा चेहरा उजळला. पण कारागीरानें काड्यापेटींतली एक काडी घेतली, गाळणीच्या तोंडाभोंवतीं जीं बारीक भोकें असतात त्यांतील एकांत घातली, आणि मान हलविली. काडी सरळ आंत गेली. आंत रबराची झडप नव्हती.

ही झडप काय करते तें समजावयाला आमच्या उरणकडच्या खारभूमीचें उदाहरण फार सोयीचें आहे. शेतांत खाडीचें पाणी शिरूं नये म्हणून बांध घातलेले असतात, आणि बांधाला ठिकठिकाणीं उघाड्या असतात. उघाडीची फळी अशी टांगलेली असते कीं, ओहोटीला शेतांतलें पावसाचें पाणी तिला ढकलून बाहेर जातें; भरती आली कीं तेंच पाणी बाहेरून फळीला दाबून बंद करतें. गाळणींतली रबरी झडप ही अशीच एकेरी उघाडी आहे. बाहेरच्या भोकांनीं तेल आंत येऊं देते, परत जाऊं देत नाहीं. गाळणी तोंड वर करून टांगलेली असेल, तर तेल डब्यांत आपोआपच रहातें, आणि झडप नसली तरी चालून जातें. होडीच्या त्या इंजिनांत गाळणी तशीच टांगलेली असते. आपल्या गाडींत गाळणी उलटी. रात्रभर गाडी उभी राहिली कीं झडप नसलेल्या गाळणींतलें तेल सावकाश खालीं उतरून जातें. सकाळीं इंजिन सुरू होतें, पण पंपाला आधीं तो रिकामा डबा भरावा लागतो. तोंवर बेअरिंगांकडे कांहीं जात नाहीं. स्पिटफायरसारख्या ज्या गाड्यांत गाळणी आडवी बसते, त्यांनाही हीच पीडा. सुरू होतांच चार-सहा सेकंद ठोके ऐकूं येतात, मग थांबतात, आणि धनी म्हणतो, “जुनी गाडी आहे, चालावयाचेंच.” वर्षभर रोज चार-सहा सेकंद धातूवर धातु घासल्यावर काय उरणार?

तेव्हां मुलाला आठवलें कीं, मामा हयात असतांनाही तेलाच्या दाबाचा कांटा सकाळीं बराच वेळ शून्यावर पडून असे. मामा त्याला गाडीचा आळस म्हणत.

आणखी एक झडप आहे, तिच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. गाळणी कचऱ्यानें तुंबली, किंवा तेल गारठून फार दाट झालें, तर कागदांतून तें पुरेसें जात नाहीं. अशा वेळीं स्प्रिंगवरची एक झडप उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जाऊं देते. ओहोटीला आमच्या मोऱ्याच्या धक्क्याशीं इतका गाळ सांचतो कीं लाँच लागत नाहीं. मग आम्ही मंडळी जमिनीच्या वाटेनें मुंबईस जातों. वाट लांबची, धुळीची, पण माणूस पोंचतो. इंजिनालाही न गाळलेलें तेल हें तेल नसण्यापेक्षां बरें. कांहीं इंजिनांत ही झडप माथ्यांतच असते, कांहींत ती गाळणीच्या डब्यांत असते. माथ्यांत नसेल तर डब्यांत ती असलीच पाहिजे, आणि तिची स्प्रिंग योग्य जोराची असली पाहिजे. फार हलकी स्प्रिंग असली तर झडप विनाकारण उघडी राहून तेल वर्षभर न गाळलेलेंच फिरतें. ही गोष्ट बाहेरून डोळ्यांना दिसत नाहीं. येथें गाळणी करणाऱ्याच्या छापील यादीवर भिस्त ठेवावी लागते, आणि म्हणून बिननांवाची, बिनक्रमांकाची गाळणी कितीही स्वस्त असली तरी मी ती नको म्हणेन. नामांकित खोक्यांत भरलेल्या बनावट गाळण्याही बाजारांत असतात; छपाई पुसट, कडें सैल, आट्यांत रंगाचे थेंब, अशीं लक्षणें दिसलीं तर खोकें परत करावें.

ज्यांच्याकडे अजून बोल्टाचा डबा व कागदी गाभा ही जुनी रचना आहे, एम्. जी. ए. वाले किंवा पहिल्या सालांतले एम्. जी. बी. वाले, त्यांच्यासाठीं दोन गोष्टी. नव्या गाभ्याबरोबर बहुधा एकाहून अधिक रबरी कडीं येतात. तीं अधिक म्हणून दिलेलीं नसतात. निरनिराळ्या माथ्यांच्या खांचा निरनिराळ्या, म्हणून दिलेलीं असतात. खांचेंत जें चपखल बसेल तेवढेंच घ्यावें. आणि खांचेंतलें जुनें कडें आधीं निघालें आहे ना, हें बोट फिरवून नव्हे, दिव्याखालीं पाहून ठरवावें. जुनें कडें वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें माथ्याच्या रंगाचें होऊन बसतें. त्यावर दुसरें चढविलें कीं तेल गळलेंच म्हणून समजा. तें बांबूच्या टोकदार काडीनें उचलावें, पोलादी दाभणानें खांच ओरखडते. डब्याच्या तळाशीं स्प्रिंग, चकती व लहान वॉशर असतात. ते उतरवितांना ज्या क्रमानें निघाले त्याच क्रमानें वर्तमानपत्रावर मांडून ठेवावे. त्यांतला एक जरी विसरला, तरी गाभा आंत सैल रहातो आणि तेल त्याला वळसा घालून निघून जातें; बाहेरून डबा मात्र कोरडा ठणठणीत दिसतो.

ही जुनी रचना काढून तिच्या जागीं आट्यांची गाळणी बसेल असा जोडमाथा मिळतो. तो लावावा कीं नाहीं, ह्यावर जुन्या गाड्यांच्या शौकिनांत शास्त्री-पंडितांसारखे वाद होतात. माझें मत विचाराल तर त्यांत पाप नाहीं. खुद्द कारखान्यानेंच पुढच्या गाड्यांत आट्यांची गाळणी घेतली. काढलेला डबा तेवढा तेल लावून, नांव लिहून माळ्यावर ठेवावा. मात्र “कारखान्याच्या मूळच्या खोक्यांतली, पन्नास वर्षें न उघडलेली” गाळणी मोठ्या किंमतीला घेणाऱ्यांचें मला नवल वाटतें. रबर खोक्यांतही म्हातारें होतें. ती कपाटांत ठेवण्याची वस्तु आहे.

असो. योग्य गाळणी शेवटीं इंग्लंडांतून मागवावी लागली. तेथें ह्या गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या पेढ्या आजही चालू आहेत. आमच्या ऑपेरा हाऊसच्या बाजारांतही शोधणाऱ्याला अशी गाळणी मिळूं शकते, पण श्राद्धाची तिथि शोधाला थांबणार नव्हती. आलेल्या गाळणीवर गेज, कॅलिपर आणि काड्यापेटींतली काडी हे तिन्ही प्रयोग झाले. काडीला रबर लागलें, मऊ लागलें, आणि काडी काढतांच तें परत जागेवर आलें.

बसवितांना इंजिन थोडें तापवून घेतलें, म्हणजे तेल पातळ होऊन कचरा बरोबर घेऊन निघतें. जुनें तेल गाळून टाकल्यावर माथा पुसला, नव्या कड्याला बोटानें तेल लावलें, आणि कडें माथ्याला लागल्यापासून हातानेंच पाऊण फेरा आंवळलें. पाना लावला नाहीं. पान्यानें आंवळलेली गाळणी पुढच्या वेळीं निघत नाहीं, आणि मग तिच्यांतून स्क्रू-ड्रायव्हर आरपार ठोकण्याचा प्रसंग येतो. उलटी गाळणी आधीं तेलानें भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून प्लग काढून घेऊन इंजिन नुसतें स्टार्टरनें फिरविलें, दाबाचा कांटा हालेपर्यंत. कांटा हालल्यावर प्लग लावून इंजिन सुरू केलें, दोन मिनिटांनीं बंद केलें, माथ्याभोंवतीं कोरडा कागद फिरविला. कागद कोरडाच निघाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, कांटा किती वेळांत चढतो तें मुलानें घड्याळ लावून मोजलें. दोन सेकंदही लागले नाहींत.

जुनी गाळणी मुलगा टाकून देणार होता. कारागीरानें ती ठेवून घेतली. जुनी गाळणी फेंकणें म्हणजे वैद्यानें नाडी न पाहतां रोग्याला घरीं पाठविणें, असें त्याचें मत आहे. मीं करवत पुढें केली, तीही त्यानें परतविली. करवतीचा कीस कागदावर पडतो आणि मग तो कीस बेअरिंगचा कीं करवतीचा, हें सांगतां येत नाहीं. पत्र्याचे डबे कापण्याच्या हत्यारानें त्यानें गाळणीचें तोंड वेगळें केलें. आंतली रबरी झडप वाळलेल्या नारिंगाच्या सालीसारखी कडक झाली होती आणि एका जागीं तिला भेग होती. मामांच्या गाडीचा आळस तो हा. मग कागदाच्या घड्या कापून त्यानें एका पांढऱ्या कपड्यावर दाबल्या, तेल टिपून घेतलें, आणि कागद उन्हांत उलगडला. बेअरिंगें झिजूं लागलीं असतील तर ह्या घड्यांत चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसते. लोखंडाचा कण असेल तर लोहचुंबकाला चिकटतो. त्या कागदावर काजळी भरपूर होती. चुंबकाला चिमटीत मावेल इतका बुरा लागला. चकाकी मात्र कोठें दिसली नाहीं, म्हणजे इंजिन अजून निरोगी होतें, आणि पुलावर नेण्यास हरकत नव्हती.

मंडळी ठरल्या तिथीस सकाळीं सातला निघालीं व सायंकाळीं सुखरूप परत आलीं. पुलावर कांटा साठ पौंडांवर स्थिर होता, हें मला मुलानें नव्हे, त्याच्या आईनें सांगितलें; कारण मुलाच्या तोंडून गाळणीचें सारें प्रकरण ऐकल्यामुळें, जातां येतां दोन्ही वेळां त्या बाईंनीं समुद्राकडे पाहिलेंच नाहीं, त्या कांट्याकडे पाहत बसल्या होत्या.